सातव्या टोपलीचा बावटा

रेवतीचं पत्र शिमग्याच्या आधी आलं आणि गणपती गेले तरी मी उत्तर लिहिलं नव्हतं.

"काका, चक्क शाईने लिहिलंय," पोस्टमन पाकीट उलटसुलट करत म्हणाला होता. "हल्ली मी बँकेचे नाहीतर कोर्टाचेच कागद वाटतो. कोणाचं?"

"ओळखीच्या मुलीचं."

"मग उत्तर द्या लवकर. नाक्यावरच्या पेटीत टाकणारं कोणी उरलं नाही. काढून नेतील ती एक दिवस."

फोनवर मी नुसता हं-हं करतो आणि बोलायचं ते फोन ठेवल्यावर आठवतं, हे रेवतीला ठाऊक आहे. म्हणून तिने पत्र लिहिलं. पानभरसुद्धा नव्हतं. जव्हारकडे एका माळावर तिने चकतीच्या खेळाचं नवं मैदान मांडायला घेतलं होतं. तिथेही एक आंधळी टोपली होती, म्हणजे फेकणाऱ्याला मधली जमीन न दिसणारी, आमच्या सातवीसारखी. 'राखणीला माणूस ठेवायचाय,' तिने लिहिलं होतं, 'त्याला काय शिकवू? काका, इतकी वर्षं विचारीन म्हणते आणि राहून जातं. त्या दिवशी गडग्यावरून तुम्हाला नेमकं काय दिसलं होतं?'

मी पत्र शब्दकोशात ठेवलं. ते ठेवायची ती जागा नव्हे, कारण कोश मी रोज उघडतो.

त्या दिवसाला आता अकरा वर्षं झाली. पण सुरुवात त्याच्या पंधरवडाभर आधीची.

"काका, मनगट!" रेवती ओरडली, पण तोवर चकती माझ्या हातून सुटली होती.

आम्ही सड्यावर होतो. सडा म्हणजे आमच्या पाटखोल गावाच्या डोक्यावरचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. दिवाळी होऊन गेली होती, गवत पिवळं पडून कमरेएवढं उभं होतं आणि मधेमधे काजूची ठेंगणी झाडं. रेवती शिवलकर फिनलंडमध्ये नोकरीला होती. वडील गेल्यावर ती परत आली, घरूनच संगणकावर काम करू लागली, आणि तिकडे शिकलेला हा खेळ तिने सड्यावर मांडला. अर्धी जागा तिच्या वडिलांची, अर्धी गावाचं गुरचरण. बारा टोपल्या होत्या, गावातल्या मुश्ताक सोलकरने वेल्डिंग करून दिलेल्या. लोखंडी खांब, त्याला खाली जाळीची टोपली आणि वर गोल कड्याला लोंबणाऱ्या साखळ्या. साखळ्या गुरं बांधायच्या, लांज्याच्या बाजारातून आणलेल्या. चकती साखळ्यांवर आपटली की खळ्ळकन वाजायचं आणि ती टोपलीत पडायची. एवढाच खेळ. ठरलेल्या दगडावरून पहिली फेक, चकती जिथे पडेल तिथे उभं राहून पुढची, असं करत कमीत कमी फेकींत टोपली गाठायची. टोपलीपासून जो लांब, त्याने आधी फेकायचं, आणि फेकणाऱ्याच्या पुढे कोणीही उभं राहायचं नाही.

हे सगळं मी पुस्तिकेत वाचलं होतं. रेवतीने दिलेली नियमांची पुस्तिका मी चकती हातात घेण्याआधी तीनदा वाचली. चाळीस वर्षं वाचनालयात काढलेल्या माणसाकडून दुसरं काय होणार. खेळ मला येत नव्हता, नियम येत होते. अडलं की मुश्ताक म्हणायचा, "विचारा हायकोर्टाला." आणि मी सांगायचो. निवृत्तीनंतर कोणी मला काही विचारावं अशी जागा जगात ती एकच उरली होती. म्हणून मी रोज सकाळी चढण चढून जायचो आणि वाईट फेकायचो.

त्या सकाळी माझी फेक नेहमीपेक्षा लांब गेली, हेच मुळात चुकीचं होतं. सातव्या टोपलीचा दगड उंचावर आहे. समोर जांभ्याचा गडगा, म्हणजे चिरे नुसते रचून घातलेलं कुंपण. गडग्यापलीकडे जमीन एकदम खाली खळग्यात उतरते आणि टोपली त्या खळग्याच्या पलीकडच्या काठावर. चकती गडगा ओलांडून उजवीकडे वळली आणि दिसेनाशी झाली.

"गेली करवंदीत," मुश्ताक म्हणाला.

शोधायला तीन मिनिटं, आणि शोधायचं सगळ्यांनी, असा नियम आहे. आम्ही तिघे खळग्यात उतरून जाळ्या धुंडाळू लागलो. मुश्ताकचे हात ओरबाडले. "काका, पुढच्या वेळी फणसाला मारा. निदान फणस तरी पडेल." चकती सापडली नाही. मी स्वतःच माझ्यावर एका फेकीचा दंड लावला आणि आम्ही आठव्या टोपलीकडे गेलो. त्या खळग्यातून एक पायवाट जाते हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. पण आम्ही जमिनीवर शोधत होतो. वाटेकडे कोणीच पाहिलं नाही.

संध्याकाळी मी वाचनालयाच्या पायरीवर बसलो होतो. शेजारीच ग्रामपंचायत, त्यामुळे त्या वेळी तिथे चार माणसं असतात. खालच्या वाडीतल्या सुभद्राबाई गोताड ताडताड चालत आल्या. हातात माझी केशरी चकती.

"ओ भाऊ," त्या मलाच म्हणाल्या, "ह्याच्या पाठी कायतरी लिवलंय. वाचा बगू मोठ्यानं. ऐकू दे सगळ्यांना."

चकतीच्या पाठीवर ज्याचं त्याने नाव लिहायचं, म्हणजे हरवली तरी परत मिळते, अशी आमची पद्धत. माझं अक्षर मी ओळखलं. इतकी वर्षं पुस्तकांच्या पाठीवर घातलेलं अक्षर. चार माणसं बघत होती.

"जनार्दन तोडणकर," मी वाचलं.

"कोन हो तो?"

"मीच."

एकजण हसला. सुभद्राबाई हसल्या नाहीत.

"गवताचा भारा घिऊन मी उतरत होती. डोस्क्यावर भारा, मान खाली. वरनं दनका बसला. वाटलं फांदी मोडली. घरी जाऊन भारा टाकते तर आत ही रुतलेली! एवढी खाली आली असती ना," त्यांनी स्वतःच्या मानेवर तळहात आडवा धरला, "तर आज माजी पोरं रडत बसली असती. आनि तुमी काय करत होतात?"

"शोधत होतो."

"मला?"

"चकती," मी म्हणालो.

ते उत्तर मला अजून आठवतं. चकती माझ्या मांडीवर टाकून त्या ग्रामपंचायतीत शिरल्या आणि सरपंचांना म्हणाल्या की ही वाट आमच्या आजे-पणज्यांपासूनची आहे, एकतर वाट राहील नाहीतर हा खेळ.

त्यानंतर मी चकती हातात धरली नाही. भाकरीचा घास मोडला की तो आडवा तळहात दिसायचा. पुस्तक उघडलं की त्याच ओळीवर अर्धा तास. रेवतीने मात्र हातपाय गाळले नाहीत. सातव्या टोपलीला राखण बसवायची, असं तिने ठरवलं. गडग्यावर, फेकीच्या रेषेपासून बाजूला, एक माणूस उभा राहील, कारण तिथून खळगा दिसतो. त्याच्या हातात बांबूला बांधलेला लाल बावटा. बावटा खाली असेल तोवर कोणीही फेकायचं नाही, वर झाला की फेकायचं.

"आणि राखणीला तुम्ही," ती मला म्हणाली.

"मी? रेवती, मी नको. मुश्ताक चांगला."

"मुश्ताक बोलत सुटतो. तुम्ही गप्प उभे राहता."

"माझ्याच हातून झालंय ते."

"म्हणूनच."

ग्रामसभा रविवारी होती. गुरचरणाची जागा वापरू द्यायची की नाही याचा निकाल तिथे होणार होता. निकाल विरुद्ध गेला तर निम्म्या टोपल्या उपटाव्या लागणार, म्हणजे खेळच संपणार. सरपंच धनावडे तसे बरे गृहस्थ, त्यांना दोन्हीकडची मतं हवी होती. "शनिवारी सकाळी येतो," ते म्हणाले. "जिथे भानगड झाली तिथेच खेळून दाखवा. सुभद्राबाईंनाही बोलावतो. त्यांच्या डोळ्यांदेखत होऊन जाऊ दे."

शनिवारी मी उजाडताच गडग्यावर जाऊन उभा राहिलो. खळगा दिसत होता. पायवाट वाडीकडून वर येते, खळग्याच्या तोंडाशी करवंदीच्या दाट जाळ्यांमधून एक वळण घेते आणि मग उघड्यावर येते. उघड्यावरची वाट मला हातावरच्या रेषेसारखी दिसत होती. वळण दिसत नव्हतं. मी चिऱ्यांवर चढून पाहिलं, वाकून पाहिलं, डावीकडे सरकून पाहिलं. वळणाच्या जागी नुसती हिरवी भिंत. खाली जाऊन बघून यावं, तर मी वर परत येईपर्यंत मागून कोणी वळणात शिरलेलं असू शकतं. पुन्हा जावं, तर पुन्हा तेच. मी दोनदा जाऊन आलो. दुसऱ्यांदा परत आलो तेव्हाही मला जेवढं आधी माहीत होतं तेवढंच माहीत होतं.

सरपंच दोन सदस्यांना घेऊन आले. फेकीच्या दगडाजवळ त्यांच्यासाठी मुश्ताकने प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मी त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर, गडग्यावर, बावटा खाली धरून.

"सुभद्राबाई कुठे आहेत?" सरपंचांनी विचारलं.

"आल्या नाहीत," मुश्ताक म्हणाला.

"बोलावून आली नाही, म्हणजे तक्रारीत दम नाही म्हणायचा. चला, दाखवा बाई. आज वाडीतल्या कोणी या वाटेने यायचं नाही असं मी कालच सांगून ठेवलंय. मला अकरा वाजता तहसीलला जायचंय."

रेवती स्वतः खाली जाऊन वळणापर्यंत बघून आली. माझ्याजवळून जाताना म्हणाली, "मोकळं आहे, काका." मग गडगा ओलांडून ती दगडावर गेली, मुश्ताकशी काही बोलली, चकत्यांच्या पिशवीतून लांबच्या फेकीची पातळ निळी चकती निवडली, पुसली, आणि माझ्याकडे पाहून मान हलवली.

मी खळग्याकडे पाहिलं. उघडी वाट रिकामी होती. हिरवी भिंत हलत नव्हती. मी बावटा उचलायला घेतला. खांद्यापर्यंत आला आणि हात थांबला.

"काका, बावटा आहे तो, छत्री नव्हे," मुश्ताक ओरडला. "वर करा!"

मी पुन्हा खाली पाहिलं. वारा नव्हता. एक खंड्या काजूवर येऊन बसला आणि उडाला. बावटा मी पायाशी आणला.

"तोडणकर भाऊ, मुहूर्त बघताय काय?" सरपंचांचा आवाज. खुर्च्यांवरची माणसं हसली.

हसणं मला नवीन नव्हतं. पण रेवती हसत नव्हती. तिची उजवी टाच दगडावर आत-बाहेर होत होती. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. सदस्यांपैकी एक उठून काजूच्या झाडामागे जाऊन आला. मुश्ताकने बाटलीतलं पाणी सगळ्यांना दिलं. शेवटी रेवती चकती हातातच घेऊन माझ्याकडे चालत आली.

"कोणी आहे का, काका?" तिने हळू आवाजात विचारलं.

"दिसत नाही."

"मग?"

"मग काही नाही. दिसत नाही."

"मी आत्ता बघून आले. वाट मोकळी आहे. वाडीला सांगून ठेवलंय. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

मला काय पाहिजे ते मला कळत नव्हतं. मी मान हलवली. ती 'हो' होती की 'नाही' तेही मला ठरवता आलं नाही.

"काका, ते उठून जातील. उद्या सभा आहे. एकदाच वर करा. एक फेक, बस. बारा टोपल्या आहेत या." तिचा आवाज फाटला. "तुम्हाला हा खेळ बंद पडायला हवाय का? त्या दिवसामुळे?"

"नाही गं."

"मग द्या इकडे. मुश्ताक धरील." तिने हात पुढे केला आणि बांबू पकडला.

आयुष्यात मी कोणाला नकार दिलेला नाही. वाचनालयातून पुस्तकं नेऊन वर्षानुवर्षं न आणणाऱ्यांना मी पुढचं पुस्तक दिलंय. लग्नाच्या पंगतीत तिसरी जिलबी नको हेसुद्धा मला म्हणता आलेलं नाही. पण त्या क्षणी माझी बोटं बांबूवरून सुटली नाहीत. तिने ओढला, मी ओढून धरला. दोघेही गडग्याच्या चिऱ्यावर, आणि खुर्च्यांवरून सगळं दिसत होतं.

"सोडा, काका."

"नाही."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अनोळखी माणूस आहे. मग बांबू सोडला आणि परत दगडाकडे गेली.

"टाका हो बाई, बावट्याबिवट्याचं काय घेऊन बसलात," सरपंच म्हणाले. "चिटपाखरू नाही तिथे."

रेवती दगडावर उभी राहिली. तिने पावलं जुळवली, हात मागे नेला. मी बावटा आणखी खाली, चिऱ्याला टेकवून धरला. ती तशीच राहिली, हात मागे, निळी चकती उन्हात. मग तिने हात खाली आणला.

"बावटा खाली असताना फेकायचं नाही, हा आमचा नियम आहे," ती म्हणाली. "माफ करा, साहेब."

"अहो, मग खेळ कसला? हा तर पहारा झाला!" सरपंच उठले, धोतराची... नाही, पँटची कुसळं झाडत. ते नेहमी पँटच घालायचे. माझ्या आठवणीत मात्र ते धोतर झटकून उठतात, का कोण जाणे. "खेळ बघायला आलो होतो, तो राहिलाच. उद्या काय म्हणायचं मी? बघू."

ते गेले. मुश्ताकने खुर्च्या एकात एक घातल्या. रेवती टोपली न गाठताच घरी गेली, माझ्याकडे न बघता. मी वाटेने खाली न उतरता लांबच्या डांबरी रस्त्याने घरी आलो, कोणी भेटू नये म्हणून. जे तिने परदेशातून परत येऊन उभं केलं, ते मी हातात बांबू धरून बुडवलं, एवढंच डोक्यात होतं. एका बाईची मान मोडता मोडता वाचली तेव्हाही मी चुकलो होतो, आणि आता कोणाचीच मान नव्हती तेव्हाही.

रविवारी सभेला जायचं नाही असं ठरवून मी गेलो. शाळेच्या वर्गात सभा होती. मी दारालगतच्या बाकावर बसलो, सहज उठून जाता येईल असा. रेवती पुढे होती. विषय निघाल्यावर सरपंच म्हणाले, "काल आम्ही प्रत्यक्ष जाऊन आलो. पण खेळ काही बघायला मिळाला नाही. तक्रारदार बाईही हजर नव्हत्या."

"होती ना मी," सुभद्राबाई बायकांच्या रांगेतून म्हणाल्या.

"कुठे? आम्हाला नाही दिसलात."

"तुमाला दिसायला कशाला बसू मी?" त्या उठल्या, पदर खोचला. "तुमी वाडीला सांगितलात, कोनी यायचं नाय. असं सांगून, रस्ता झाडून खेळतील ते काय खरं? रोज कोन आमाला सांगायला येनार? मी सकाळचीच जाऊन बसलीवती. खाली वळनापाशी, करवंदीच्या पोटात. ही बाय खाली येऊन बगून गेली, माज्यापासून चार हातावर. तिला पन नाय दिसली. ती वर गेली तशी मी भारा डोस्क्यावर घेतला नि वाटेवर वळनात येऊन उभी राह्यली. म्हटलं, आता बगू यांची राखन कशी ती."

रेवतीने दोन्ही हात तोंडावर घेतले होते.

"आता येतंय, मग येतंय, म्हनून मान आत घालून उभी. वरनं तुमचं हसनं ऐकू येत होतं. टाका, टाका, चाललं होतं. पाय मेलं माजं उभं राहून. पन आयलंच नाय. शेवटाला भारा टाकला नि गेली घरी."

"म्हणजे तुमचं काय म्हणणं?" सरपंचांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"खेळू दे की त्यास्नी. पन राखनीला ह्यो मानूस पायजे." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "नि आनखी एक. आमी बायका वळनात शिरायच्या आदी कुकारा घालू. वरनं ह्यांनी उलट कुकारा घालायचा. आमी उघड्यावर येऊन पलीकडं जाईपातूर चकती हातात. कबूल?"

डोंगरात एकमेकांना हाक मारायचा लांब 'कूऽऽ', तो कुकारा. गुरं राखणारा प्रत्येक माणूस तो घालतो. नियमांच्या पुस्तिकेत तो नव्हता.

"कबूल," रेवती म्हणाली.

मग सरपंच माझ्याकडे वळले. सगळा वर्गच वळला. "तोडणकर भाऊ, कमाल केलीत. तुम्हाला दिसली होती ती?"

मी उभा राहिलो. तोंड उघडलं. पण मला बोलायला वेळ लागतो.

"दिसली तर!" मुश्ताक मागून ओरडला. "लायब्ररीतले डोळे आहेत ते! मुंगीच्या पायाएवढं अक्षर वाचणारे!"

हशा झाला, टाळ्या झाल्या, पुढचा विषय नळाच्या पाण्याचा निघाला. मी अजून उभाच होतो. कोणीतरी मला खाली बसवलं.

टोपल्या राहिल्या. मी पुढे आठ वर्षं सातव्या टोपलीवर बावटा धरला, गुडघे नको म्हणेपर्यंत. माझा कुकारा इतका बारीक यायचा की वाडीतल्या बायका मुद्दाम दोनदा घालायला लावायच्या. गावात ती गोष्ट सांगितली जाऊ लागली, आणि दर वेळी माझे डोळे जरा जास्त तीक्ष्ण झाले. एका सांगण्यात मला पानांआडून साडीचा काठ दिसला होता. एकात तिच्या बांगडीची चमक. मी ऐकत असलो की सांगणारा माझ्याकडे बघून मान हलवायचा, मी चहाच्या कपात बघायचो.

रेवतीला उत्तर लिहायला मी किती वेळा बसलो. 'चि. रेवती' एवढं लिहून व्हायचं. पुढे खरं लिहिलं, तर अकरा वर्षं माझ्या नावावर जमलेलं जे काही आहे त्यात काय उरतं? एक भित्रा माणूस आणि एक योगायोग. तिने माझ्याबद्दल ते समजू नये असं वाटायचं. पुन्हा कोशात.

गणपतीनंतर मुश्ताक आला. तो जव्हारला साखळ्या बसवून द्यायला गेला होता.

"झकास मैदान झालंय, काका. आठवडाभरात सुरू. आंधळ्या टोपलीवर राखणीला एक गडी ठेवलाय रेवतीताईने, काय नजर त्याची! पूर्वी जंगलखात्यात होता. वर दुर्बीण पण घेऊन दिलीय. ती म्हणाली, तोडणकर काकांसारखे डोळे पाहिजेत. उत्तर आलं नाही तुमचं, म्हणून तिने आपलं ठरवून टाकलं."

"दुर्बीण?"

"भारीतली. ससा दिसतो त्याला समोरच्या टेकडीवरचा. सरावातसुद्धा बावटा नुसता वर-खाली, वर-खाली. खेळ एकदम फास्ट. तुमच्यासारखं नाही, चहा पिऊन यावं तरी बावटा खालीच!" तो हसला. मग थांबला. "काय झालं? बरं वाटत नाही का?"

"तिथे वाटेने कोण जातं?"

"शाळेची पोरं. का?"

तो गेल्यावर मी टेबलाशी बसलो. या वेळी 'चि. रेवती'च्या पुढे हात चालला.

'चि. रेवती, उत्तराला फार उशीर झाला. तू विचारलंस की मला काय दिसलं होतं. मला काहीही दिसलं नव्हतं. सुभद्राबाई दिसल्या नव्हत्या, काठ नाही, बांगडी नाही. त्या येतील असं मनातही नव्हतं. मला रिकामी वाट दिसत होती आणि न दिसणारं वळण होतं. त्या वळणात कोणी नाही, असं मला म्हणता येईना. एवढंच. मी घाबरलो होतो, हे तुला आता कळलं तर कळू दे.

त्या माणसाची दुर्बीण काढून घे. ज्याला सगळं दिसतं त्याला न दिसलेली जागा आठवत नाही. त्याला आधी जिथे दिसत नाही तिथे नेऊन उभा कर. आणि तिथली पोरं एकमेकांना हाक कशी मारतात ते विचार, तीच हाक ठेव. हे होईपर्यंत त्या टोपलीवर कोणाला फेकू देऊ नकोस. पत्राआधी माझा फोन येईल, पण फोनवर मला हे सांगता येईल असं वाटत नाही, तरी प्रयत्न करीन.

तुझा, जनार्दन तोडणकर.'

पाकीट चिकटवलं. फोन लावला. ती उचलताच मी म्हणालो, "रेवती, थांब," आणि पुढे शब्द येईनात.

"काका? काय थांबवू?"

"बावटा. खाली ठेव. पत्र टाकतोय."

"ठेवते," ती म्हणाली. का, ते तिने विचारलं नाही.

मी चपला घातल्या आणि नाक्यावर गेलो. पेटी अजून होती. पत्ता पुन्हा एकदा वाचला, तिकीट अंगठ्याने दाबून पाहिलं आणि पाकीट आत टाकलं.